घरातले मौन आणि कट्ट्यावरचा होकार

मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावले गेलेले आईवडील ज्या वाक्याने बोलण्यास आरंभ करतात ते बहुतेक ठिकाणी एकच असते : "आमचा मुलगा तसा नाही हो." आणि ते वाक्य बहुधा खरेही असते. ज्याच्या दप्तरात माव्याची पुडी सापडली, किंवा ज्याने वर्गातील एका मुलीचे छायाचित्र केवळ इतरांनी मागितले म्हणून साऱ्या गटाच्या मोबाइलवर पाठविले, तो मुलगा घरी खाली मान घालून वावरणारा, पाहुणे आले की न सांगता वाकून नमस्कार करणारा आणि थोरांच्या शब्दापुढे अवाक्षर न काढणारा असा असतो. तंबाखू घातक आहे हे त्याला ठाऊक असते. तंबाखूमुक्तीवर शाळेत त्याने निबंधही लिहिलेला असतो. दुसऱ्याची अब्रू चव्हाट्यावर आणू नये हे त्याला कोणी शिकविले नव्हते असेही नाही. मग ज्ञान होते, संस्कार होते, स्वभावात खोड नव्हती, तरीही हे घडले कसे?

"संगत वाईट लागली" हे याचे प्रचलित उत्तर आहे. ते चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. कारण संगत मनात कोणत्या वाटेने शिरते, ती या वयातच इतकी प्रबळ का होते, आणि घरात शिकविलेला आदर ऐन प्रसंगी मुलाच्या पाठीशी का उभा राहत नाही, यांपैकी कशाचाही खुलासा त्यातून होत नाही. हा खुलासा करण्याचा येथे प्रयत्न आहे. आणि तो करताना वाचकांपुढे एक अप्रिय वाटेल असे विधानही मांडावयाचे आहे. पुष्कळ घरांतून ज्या रीतीचा आदर शिकविला जातो, तीच रीत मुलाला मित्रांपुढे दुबळे करून सोडते.

राजकोटच्या एका विद्यार्थ्याची कैफियत

मित्रांच्या दडपणाचे सर्वांत प्रांजळ वर्णन आपल्याकडे महात्मा गांधींनी करून ठेविले आहे. १९२५ पासून 'नवजीवन' साप्ताहिकात प्रकरणशः प्रसिद्ध झालेल्या आत्मकथेत राजकोटच्या शाळेतील एका मित्राची हकीकत येते. हा मित्र मूळचा त्यांच्या थोरल्या भावाचा सोबती. आई, भाऊ आणि पत्नी या तिघांनीही त्याच्याविषयी इशारा दिला होता. आणि मोहनदासांनी तिघांचीही समजूत घातली ती अशी, की त्याचे दोष मला माहीत आहेत, मी त्याला सुधारीन.

तो मित्र लांबवर धावे, उंच उड्या मारी, मार सहज सोशी. मोहनदासांना मात्र भुतांचे, चोरांचे, सापांचे भय वाटे आणि अंधारात झोप येत नसे. मांसाहार केल्यावाचून असे बळ येत नाही, इंग्रज राज्य करतात ते त्याच्याच जोरावर, असा मित्राचा युक्तिवाद होता. परंतु त्याने याहून धारदार असे आणखी एक शस्त्र वापरले. आपले कित्येक शिक्षक, राजकोटातील नामांकित माणसे आणि शाळेतील काही मुलेदेखील गुप्तपणे मांस खातात, असे त्याने सांगितले. सगळेच खातात, मागे राहिला आहेस तो तूच, हा त्याचा मथितार्थ. शेवटी कट्टर वैष्णव घरातील तो मुलगा नदीकाठच्या एकांत जागी जाऊन बसला, बोकडाचे मांस त्याने तोंडात घातले, आणि त्या रात्री त्याची झोप उडाली. तरीही पुढे सुमारे वर्षभर अधूनमधून असे प्रसंग घडत राहिले.

या हकीकतीत तीन गोष्टी लक्षपूर्वक पाहण्याजोग्या आहेत. मुलगा दुर्गुणी नव्हता. त्याला बलवान व्हावयाचे होते, म्हणजे मित्राच्या नजरेत काही किंमत मिळवावयाची होती. दुसरी गोष्ट अशी, की घरच्यांच्या इशाऱ्याने मैत्री तुटली नाही, उलट ती राखण्यासाठी एक उदात्त कारण सापडले. आणि तिसरी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती ही, की ते प्रसंग थांबले ते शिक्षेच्या धाकाने नव्हे. आईवडिलांशी खोटे बोलावे लागते हे त्यांना असह्य झाले, आणि आईवडील हयात असेतोवर मांस खाणार नाही हा निश्चय त्यांनी मित्राला सांगून टाकला. पुढे पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातील सोन्याचा तुकडा चोरल्याची कबुली त्यांनी वडिलांना चिठ्ठीने दिली, तेव्हाही वडील मारतील अशी भीती त्यांना नव्हती, कारण वडिलांनी कोणा मुलावर हात उगारल्याचे त्यांना आठवत नव्हते. त्यांना क्लेश होतील याची मात्र भीती होती. आजारी वडिलांनी ती चिठ्ठी वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले आणि त्यांनी ती फाडून टाकली. भीती आणि आदर यांतील अंतर याहून स्पष्ट करणारा प्रसंग मला दुसरा माहीत नाही.

डोळ्यांदेखतचे असत्य

आता एका प्रयोगाकडे वळू. वॉर्सा येथे जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत महाविद्यालयीन तरुणांना एका अत्यंत सोप्या परीक्षेस बसविले. एका पत्त्यावर एक उभी रेघ, दुसऱ्यावर कमीजास्त लांबीच्या तीन रेघा. पहिलीएवढी कोणती ते मोठ्याने सांगावयाचे, इतकेच काम. एकट्याने बसून हे करणारा माणूस शंभरांत एकदाही क्वचितच चुकतो. परंतु खोलीत बसलेल्या सात-आठ जणांपैकी खरा परीक्षार्थी एकच होता; बाकीचे सर्व ॲश यांनी आधी पढवून ठेविलेले होते, आणि ठरल्या फेऱ्यांत ते सारेजण एकामागून एक, अगदी शांतपणे, तेच चुकीचे उत्तर देत. त्या एकाची पाळी शेवटाला येई.

अशा फेऱ्यांत त्या एकट्या माणसांनी दिलेल्या उत्तरांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक उत्तरे बहुमताच्या चुकीला मान तुकविणारी निघाली. सुमारे तीन-चतुर्थांश तरुणांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारे नाकारले. येथे कसलीही धमकी नव्हती. नंतर विचारले असता कोणी म्हणाले, आपल्याच डोळ्यांत दोष असावा असे वाटले. कोणी म्हणाले, ते चुकत आहेत हे कळत होते, पण वेगळे पडावेसे वाटले नाही. दडपण या दोन वाटांनी काम करते. पहिल्या वाटेने ते बुद्धीला गाठते, की इतके जण सांगतात त्याअर्थी तसेच असेल. दुसऱ्या वाटेने ते मनाला गाठते, की तसे नसले तरी वेगळे पडण्याचे धैर्य कोठून आणू? उपदेशाने फार तर पहिली वाट अडविता येते. दुसरी तशीच मोकळी राहते.

ॲश यांनी पुढे आणखी एक गोष्ट करून पाहिली, आणि पालकांच्या दृष्टीने तीच लाख मोलाची आहे. त्या पढविलेल्या मंडळीत त्यांनी खरे उत्तर देणारा केवळ एक माणूस बसविला. तेवढ्याने मान तुकविणाऱ्या उत्तरांचे प्रमाण पूर्वीच्या सुमारे एक-चतुर्थांशावर उतरले. बहुमत तेवढेच होते, खोली तीच होती. फरक पडला तो फक्त एका सोबत्याचा.

वयाचा विशेष

ॲश यांचे परीक्षार्थी जवळजवळ प्रौढ होते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची अवस्था याहून नाजूक असते, आणि त्याचे कारण शरीरातच आहे. वयात येताना मेंदूतील जी केंद्रे सुख, बक्षीस आणि इतरांकडून मिळणारी शाबासकी यांवर उत्तेजित होतात ती अत्यंत संवेदनशील बनतात. उलट कपाळामागचा जो भाग परिणामांचा विचार करतो आणि ऊर्मीला आवर घालतो, त्याची जडणघडण विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. याचा अर्थ या वयात विवेक नसतो असा नव्हे. शांतपणे एकट्याला विचारले तर पंधरा वर्षांचा मुलगा धोक्याचे मोजमाप वडिलांइतकेच बरोबर करतो. ते बिघडते भोवती मित्र असताना.

अमेरिकेतील टेम्पल विद्यापीठात मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ वर्षांवरील अशा तीन वयोगटांतील ३०६ जणांना संगणकावर मोटार चालविण्याचा एक खेळ खेळावयास दिला होता. पिवळा दिवा लागल्यावर थांबावे की गुणांच्या आशेने पुढे जावे, हा त्यातील निर्णय. एकटे खेळताना तिन्ही गटांत विशेष अंतर नव्हते. मित्र पाहत असताना मात्र लहान गटाचे धाडस पुष्कळच वाढले, मधल्या गटाचे काही अंशी वाढले, आणि प्रौढांचे होते तसेच राहिले. २०११ सालच्या पुढील अभ्यासात अशा खेळाच्या वेळी मेंदूचे चित्रण केले गेले, तेव्हा मित्र शेजारच्या खोलीतून पाहत आहेत एवढी जाणीवही किशोरांच्या बक्षीस-केंद्रांना चेतविण्यास पुरेशी आहे असे दिसून आले. मित्रांनी "चल, मार" असे म्हणावेही लागत नाही. म्हणूनच आग्रह कोणी केला, असे विचारले असता मुलगा "कोणीच नाही" म्हणतो तेव्हा तो बहुधा खरेच बोलत असतो, आणि आपण त्याला लबाड समजून बसतो.

दुसरे अंग वगळले जाण्याच्या दुःखाचे. किप विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा संगणकीय खेळ रचला आहे. तीन खेळाडू एकमेकांकडे चेंडू टाकतात, आणि थोड्या वेळाने उरलेले दोघे तिसऱ्याकडे चेंडू टाकणे बंद करतात. एवढ्याशा गोष्टीने माणूस खिन्न होतो. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली हा खेळ ११ ते १५ वर्षांच्या मुलींना आणि प्रौढ स्त्रियांना खेळावयास दिला, तेव्हा मुलींच्या मनःस्थितीवर त्याचा आघात अधिक झाल्याचे आढळले. मैत्रिणींनी व्हॉट्सॲपचा नवा गट करून आपल्याला त्यातून गाळले, म्हणून जेवण टाकून बसणाऱ्या मुलीला "एवढ्यासाठी काय रडायचे?" असे म्हणणारी आई स्वतःच्या वयाच्या मापाने लेकीचे दुःख मोजत असते.

एकमेकांविषयीचा गैरसमज

दडपणाच्या मुळाशी पुष्कळदा एक सामुदायिक गैरसमज असतो. १९९३ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी तेथील विद्यार्थ्यांचे मद्यपानाविषयीचे मत विचारले, तेव्हा बहुतेकांनी सांगितले की, आपल्याला स्वतःला हे फारसे रुचत नाही, पण इतरांना त्याचे काहीच वाटत नाही. म्हणजे प्रत्येकजण मनातून साशंक, आणि आपण एकटेच साशंक आहोत या समजुतीने गप्प. ते मौन पाहून शेजारचा आणखी गप्प.

आपल्याकडील शाळांच्या बाबतीत हा भ्रम आकड्याने दूर करता येतो. २०१९ सालच्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातील १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुले त्या सुमारास कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत होती असे आढळले. ही संख्या दुःख वाटावे इतकी मोठी आहे. परंतु तिचा दुसरा अर्थ असा, की शंभरांपैकी नव्वदाहून अधिक मुले ते करीत नव्हती. शाळेमागे उभा असलेला मुलगा "सगळेच खातात" म्हणतो तेव्हा त्याच्या म्हणण्याला वस्तुस्थितीचा आधार नसतो, आणि हे मुलांना भीतीच्या चित्रांपेक्षा अधिक आवर्जून सांगितले पाहिजे.

[चौकट : कायदा काय सांगतो]
२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यान्वये अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास, तसेच शिक्षणसंस्थेपासून शंभर वारांच्या आत त्यांची विक्री करण्यास मनाई आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. अठरा वर्षांखालील मुला-मुलीचे अश्लील चित्र पसरविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये गंभीर गुन्हा आहे, मग पसरविणारा स्वतः विद्यार्थी असला तरी. संकटात सापडलेल्या मुलाला किंवा त्याच्या वतीने कोणालाही १०९८ या क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनी करता येतो.

धाक, अदब आणि आदर

आता त्या अप्रिय विधानाकडे येतो. ज्या घरात मोठ्यांच्या बोलण्यात बोलायचे नाही, कारण विचारायचे नाही, वेगळे मत म्हणजे उलट उत्तर आणि उलट उत्तर म्हणजे बेअदबी, असा शिरस्ता असतो, त्या घरातील मूल एक गोष्ट अत्यंत पक्की शिकते : समोरचा माणूस अधिक बलवान असेल तर आपले मत गिळावे आणि तो म्हणतो तसे वागावे. हा धडा त्याला दहाव्या वर्षापर्यंत वडिलांपुढे उपयोगी पडतो. चौदाव्या वर्षी बलवान माणसे बदलतात. ज्याच्या शब्दाला गटात वजन आहे, ज्याच्या एका हसण्याने कोणी 'फट्टू' ठरतो, तो आता अधिक बलवान असतो. आणि मूल घरी शिकलेलाच धडा त्याच्यापुढे गिरविते. आईवडिलांना वाटते, याने आमची शिकवण सोडली. वस्तुतः त्याने ती सोडलेली नसते, फक्त तिचा धनी बदललेला असतो.

बर्कली येथील मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकापासून घरांच्या शिस्तीचे जे वर्गीकरण केले त्यात तीन रीती सांगितल्या आहेत. एक हुकमाची, जेथे नियम कडक पण कारण मिळत नाही. दुसरी मुभेची, जेथे माया आहे पण नियम नाही. आणि तिसरी अधिकाराची, जेथे नियम ठाम असतात, कारण सांगितले जाते, मुलाची हरकत ऐकून घेतली जाते, आणि तरीही शेवटचा निर्णय आईवडिलांचा असतो. तिसऱ्या घरातील मुले अधिक स्वावलंबी आणि संयमी असल्याचे त्यांना आढळले. पहिली आणि तिसरी रीत दुरून एकच वाटते, आणि येथेच अनेक सुज्ञ पालकांची गफलत होते.

याहून थेट पुरावा व्हर्जिनिया विद्यापीठातील जोसेफ ॲलन यांच्या २०१२ सालच्या अभ्यासात सापडतो. दीडशेहून अधिक तेरा वर्षांच्या मुलामुलींना आईबरोबर एखाद्या मतभेदाच्या विषयावर बोलावयास बसविले आणि ते बोलणे चित्रित केले गेले. पुढील काही वर्षांत दारू आणि अमली पदार्थांच्या बाबतीत त्यांच्यावर मित्रांचा प्रभाव किती पडतो याची नोंद ठेविली गेली. आईपुढे आरडाओरडा, टोमणे किंवा रुसवा यांचा आश्रय न घेता, कारणे देत आपली बाजू शांतपणे लावून धरणारी मुले पुढे मित्रांच्या ओढीला अधिक समर्थपणे तोंड देऊ शकली. जी लगेच नमली, ती मित्रांपुढेही लगेच नमली.

कोल्हापूरच्या तालमीत नवा पोरगा प्रथम कोणाशी लढतो? वस्तादाशी. ताक, हळद आणि लिंबू घालून मऊ केलेल्या तांबड्या मातीत वस्ताद स्वतः अंग देतो, पोराला पकड घेऊ देतो, चुकली तर दाखवितो, आणि प्रसंगी मुद्दाम पाठीवर जाऊन त्याला डाव पुरा करू देतो. यामुळे वस्तादाचा मान कमी होत नाही. त्या आखाड्यात त्याच्या पायाला हात लावल्यावाचून कोणी मातीत उतरत नाही. आणि ज्या पोराला वस्तादाने कधी अंगाला हात लावू दिला नाही, तो जत्रेच्या फडात परक्या मल्लापुढे पहिल्याच झटक्याला चीत होतो. घरातील मतभेदाला हेच स्थान आहे. मुलाने "बाबा, मला हे पटत नाही, कारण…" असे म्हणावे, आवाज न चढविता म्हणावे, आणि त्या म्हणण्याचा वडिलांनी विचार करावा, ही पुढे कट्ट्यावर "मला नको" म्हणण्याची पूर्वतयारी आहे.

येथे मर्यादा स्पष्ट असावी. मत मांडण्याची मुभा असावी, अपमान करण्याची नसावी. दार आपटणे, शिवी, आईच्या शिक्षणावरून किंवा मिळकतीवरून टोचणे, हे कदापि खपवून घेऊ नये. परंतु हीच मर्यादा मोठ्यांनाही लागू आहे. पाहुण्यांसमोर मुलाच्या गुणांची चर्चा करणे, शेजारच्या मुलाशी तुलना करणे, मित्रांच्या देखत त्याला झापणे, यांमुळे या वयात जी जखम होते ती लवकर भरत नाही; कारण मानाची भूक याच वर्षांत सर्वांत तीव्र असते, आणि घरात जो मान मिळत नाही तो मूल जेथे मिळेल तेथे आणि ज्या किमतीला मिळेल त्या किमतीला घेते. तशीच मुलाची नजर वडिलांच्या दुसऱ्या वागण्यावरही असते. घरकामाच्या मावशींशी, रिक्षावाल्याशी, आणि मुख्य म्हणजे आईशी ते कोणत्या स्वरात बोलतात, हे रोज ऐकून तो आदर कोणाला द्यावयाचा आणि कोणाला नाही याची यादी मनात तयार करतो. मुलींविषयी आदर बाळगावा हे त्याला स्वतंत्रपणे शिकविण्याची वेळ येते तेव्हा ही यादी बहुधा पुरी झालेली असते.

उपदेश का फसतो

१९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये एक शालेय कार्यक्रम सुरू झाला, ज्यात गणवेशातील पोलीस अधिकारी वर्गात येऊन अमली पदार्थांचे धोके सांगत आणि नाही म्हणावयास शिकवीत. तो अमेरिकेत सर्वत्र पसरला; पुढील अनेक तपासण्यांत मात्र त्याचा टिकाऊ परिणाम आढळला नाही. मुलांना माहिती कमी पडत नव्हती. "आम्ही सांगतो म्हणून करू नका" या सुरात, मोठ्यांची अवज्ञा करणारा तो धीट असा आणखी एक अर्थ ती मुले काढीत असावीत.

याच्या उलट फ्लोरिडा राज्याने १९९८ साली 'ट्रूथ' नावाची मोहीम काढली. तिच्या आखणीत किशोरांनाच सामील करून घेतले होते, आणि सिगारेट वाईट आहे असे सांगण्याऐवजी सिगारेट कंपन्या तुम्हाला कसे गंडवितात, तुमच्या वयावर त्यांचा डोळा का असतो, हे त्यांच्यापुढे उघड केले होते. बंड करण्याच्या ऊर्मीला विरोध न करता तिचा रोख बदलला. दोन वर्षांत तेथील माध्यमिक शाळांच्या खालच्या वर्गांत सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण १८.५ टक्क्यांवरून ११.१ टक्क्यांवर आणि वरच्या वर्गांत २७.४ वरून २२.६ वर आले. आपल्या गावात सातवीतल्या मुलाला गुटख्याची पुडी दाखवून, ती कोण विकतो, बंदी असताना ती येथवर कशी येते, आणि तिचे पैसे कोणाच्या खिशात जातात हे विचारावयास शिकविले, तर कर्करोगाच्या चित्राहून ते अधिक परिणाम करील असे मला वाटते.

घरातील पूर्वतयारी

नकार हे कसब आहे, आणि कसब सरावाने येते. आग्रहाच्या क्षणी विचार करावयास अवधी नसतो; तोंडात तयार असलेले वाक्यच बाहेर पडते. म्हणून जेवताना किंवा प्रवासात, कोणताही आरोप नसताना, "असे कोणी म्हणाले तर तू काय म्हणशील?" असे विचारावे आणि मुलाच्याच भाषेत वाक्य शोधू द्यावे. आपण सुचविलेले सुसंस्कृत वाक्य कट्ट्यावर उच्चारले तर त्याची टर उडेल, हे तो आपल्यापेक्षा जास्त जाणतो. "नको रे, उद्या मॅच आहे" हे त्याला साधेल. "ही गोष्ट आरोग्यास अपायकारक आहे" हे साधणार नाही. निमित्त सांगून वेळ मारून नेणे हा भित्रेपणा नव्हे, आणि "माझा बाप फार कडक आहे" असे म्हणून दोष आपल्यावर ढकलण्याची मोकळीक तर आईवडिलांनी आनंदाने द्यावी.

त्याचबरोबर एक करार करून ठेवावा. मूल कोठेही अडकले आणि त्याने ठरलेला एक शब्द फोनवर पाठविला, की कोणीतरी जाऊन त्याला घेऊन येईल, आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारला जाणार नाही. प्रश्न दुसऱ्या दिवशी, पोट भरल्यावर. हा करार एकदा मोडला की तो शब्द पुन्हा येत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. मित्राविषयी शंका आली तर त्याची निंदा न करता त्याला घरी जेवावयास बोलवावे. राजकोटच्या घरातील तिन्ही इशारे प्रेमाचे होते आणि तिन्ही व्यर्थ गेले, हे वर आलेच आहे.

शाळा आणि मैदान

बिहारमधील नालंदा जिल्ह्यात गोव्याच्या 'संगत' या संस्थेने माध्यमिक शाळांत एक मोठा प्रयोग केला, ज्याचे निष्कर्ष २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत प्रशिक्षण दिलेला, पण व्यवसायाने डॉक्टर वा शिक्षक नसलेला समुपदेशक नेमला. काही शाळांत तेच काम शिक्षकाकडे दिले. समुपदेशकाच्या शाळांत मुलांना शाळा अधिक आपलीशी वाटू लागली, दांडगाई आणि हिंसा घटली, खिन्नताही कमी झाली. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत असा परिणाम दिसला नाही. गुण देणारा आणि शिक्षा करणारा माणूसच मन मोकळे करण्याचे ठिकाणही होऊ शकतो का, हा प्रश्न यातून उभा राहतो, आणि शिक्षकांना दोष न देता त्याचा विचार व्हावयास हवा.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ५६ शाळांत झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात याहून वेगळी तजवीज होती. बेट्सी लेव्ही पॅलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक निवडलेल्या शाळेतील थोड्या विद्यार्थ्यांना हाताशी धरले, आणि छळाविरुद्ध काय करावे हे त्यांनाच ठरवू दिले. वर्षभरात मुलांमधील भांडणांच्या नोंदी सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्या. ज्या मुलांकडे इतरांचे सर्वाधिक लक्ष असते अशी मुले गटात जितकी जास्त, तितका परिणाम मोठा. ही मुले हुशार किंवा गुणी म्हणून निवडलेली नव्हती. आपल्या शाळांत अशा कामासाठी वर्गप्रमुख आणि पहिल्या पाचांतील मुले निवडण्याचा प्रघात आहे. मागच्या बाकावरचा, सर्वांना हसविणारा मुलगा सहसा कोणाला सुचत नाही. मुंबईत 'परिवर्तन' या उपक्रमात क्रिकेटचे प्रशिक्षक मुलांशी स्त्रियांविषयीच्या आदराबद्दल बोलत, आणि मुलांच्या मतांत त्यामुळे बदल घडला, याचेही रहस्य हेच असावे. त्या वयात ज्याच्या शाबासकीसाठी जीव टाकावा असा माणूस बहुधा मैदानावर भेटतो.

पालकांवरचे दडपण

मोठी माणसे या दडपणापासून मुक्त असती तर हे सारे सोपे झाले असते. पंधरा वर्षांच्या मुलाला गाडीची किल्ली देणाऱ्या वडिलांना परवाना नसल्याचे माहीत असते. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, अशी तरतूद २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने झाली आहे, हेही कानावर आलेले असते. तरीही किल्ली दिली जाते, कारण "सोसायटीतल्या सगळ्या मुलांकडे आहे". वाढदिवस हॉटेलातच झाला पाहिजे, सहलीला महाग मोबाइल दिलाच पाहिजे, नाही म्हटले तर चार लोक काय म्हणतील, ही भीती ॲश यांच्या खोलीतलीच आहे, आणि तिच्यावरचा उपायही तोच. एका गटातील पाच मुलांच्या आयांपैकी दोघींनी जरी आपसांत मसलत करून, दहावीपर्यंत दुचाकी नाही आणि रात्री दहानंतर मोबाइल स्वयंपाकघरात, असे ठरविले, तर उरलेल्या तिघींना तेच म्हणणे पुष्कळ सोपे जाते; आणि "सगळ्यांचे आईवडील देतात" हा मुलांचा दावा त्या दिवसापासून खरा राहत नाही. पालकसभेत गुणपत्रिकेचा विषय संपला की खुर्च्या सरकवून निघण्यापूर्वीची दहा मिनिटे या मसलतीस पुरेशी आहेत.